लष्कराच्या भाकऱ्या आणि एक करपलेली

मी तवा बोलतोय. लोखंडाचा, भाकरीचा. बेलापूरहून श्रीरामपूरकडे जाताना डाव्या हाताला पाच-पंचवीस घरांची एक वस्ती लागते. तिथल्या शलमोन सरांच्या पडवीत, चुलीपासून दोन हात लांब, सध्या मला भिंतीला टेकवून ठेवलेलं आहे. आधीच कबूल करतो, जे सांगणार आहे ते मला स्वतःलाही धड उमगलेलं नाही. तवे सहसा बोलत नाहीत. चरचरतात, धूर काढतात आणि गप्प बसतात. पण मला एक गोष्ट ठाऊक आहे, ती सांगू शकेल असं या घरात दुसरं कुणी नाही, म्हणून तुम्हाला थांबवलं. घाईत असाल तरी ऐका.

माझा जन्म तिसगावचा. बाजारतळाच्या कडेला घिसाड्यांची पालं पडली होती. भात्यापाशी म्हातारा बसला होता आणि घण मारत होती त्याची सून, पदर कमरेला खोचून. म्हणजे माझ्यावरचा पहिला घाव बाईच्या हातचा, आणि पुढेही माझा सगळा जन्म बायकांच्याच हाताखाली गेला. माझा पत्रा म्हणे कुठल्याशा शुगर फॅक्टरीच्या भंगारातला होता. आधी साखरेच्या शेजारी राहिलो, नंतर बाजरीच्या. तुला काय आवडतं, हे कुणी विचारलं नाही.

एका बाईनं मला उचललं, बोटाच्या पेरानं टिचकी मारली आणि कान लावून ऐकलं. मग शेजारी उभ्या असलेल्या लेकीला म्हणाली, "ह्यो घे, मार्था. ह्याचा आवाज खरा हाय."

ती मार्था म्हणजे माझी मालकीण. त्याच महिन्यात तिचं लग्न बेलापूरच्या नव्या मास्तरांशी झालं आणि मी तिच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून एसटीनं सासरी आलो. तिनं मला कांद्यानं घासलं, तेल पाजलं, तीन दिवस नुसतं तापवलं. तरी पहिली भाकरी मला चिकटलीच. ती बिचारी रडवेली झाली. मास्तर दारातून म्हणाले, "असू दे गं. तोही नवीन, तूही नवीन, मीही नवीन." मला तेव्हापासून मास्तर आवडतात.

शलमोन सर मराठी शिकवायचे. शाळेतही आणि घरीही. घरी शिकवत नसायचे असं त्यांना वाटायचं, पण त्यांचं साधं बोलणंसुद्धा धड्याखालच्या प्रश्नांसारखं असायचं. माझी पंचाईत अशी, की मी पडलो लोखंड. मला जे सांगाल तेच मी धरून चालतो. एकदा ते शाळेतून आले आणि म्हणाले, "आज हेडमास्तरांनी माझे चांगले कान उपटले." मी त्यांचे दोन्ही कान बघितले. जागच्या जागी होते. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "पोटात कावळे ओरडताहेत." मी सबंध जेवण होईपर्यंत कान देऊन बसलो, एक कावळा ऐकू आला नाही. माणसं असं का बोलतात, हे मला आजवर कळलेलं नाही. पोटात भूक आहे म्हणायला काय होतं?

या सगळ्यांत ज्या एका बोलण्यानं मला वर्षानुवर्षं गोंधळात ठेवलं, ते सांगतो.

आमच्या वस्तीवर दरवर्षी मारुतीच्या देवळात सप्ताह बसतो. सात दिवस कीर्तन-भजन, आणि शेवटच्या दिवशी काला. काल्याला हजारभर माणूस जेवायला. आमटीच्या कढया देवळामागं चढतात, पण भाकरी तिथं होत नाही. ती घरोघरी होते. कुणी वीस करायच्या, कुणी पंचवीस, ते यादीत ठरतं. त्या दिवशी सकाळी वस्तीतल्या प्रत्येक चुलीवर बाजरी भाजत असते आणि मग भोंगा लावलेला टेम्पो दारोदार फिरून भाकऱ्या गोळा करतो. मी ऐकलंय, त्या सगळ्या एका ठिकाणी ओततात. कुणाची कोणती, काही कळत नाही.

आमचं घर ख्रिस्ती. आम्ही रविवारी चर्चला जाणारे. आम्ही म्हणजे ते, मी घरीच असतो. लग्नाच्या पहिल्या वर्षी यादीत आमचं नाव नव्हतं. तेव्हा टेम्पो नव्हता, बैलगाडी होती. गाडी दारावरून पुढे गेलेली मार्थाबाईंनी पाहिली आणि घरात सकाळच्या होत्या त्या पाच भाकऱ्या फडक्यात घेऊन त्या गाडीमागं पळाल्या. गाडीत मनकर्णा नावाची म्हातारी बसली होती. तिनं फडकं घेतलं, भाकऱ्या काढल्या, फडकं परत दिलं. कुणी नाक मुरडलं का, मला माहीत नाही, मी चुलीवर होतो. पण पुढच्या वर्षी यादीत "मास्तरांच्या घरून पंचवीस" असं आलं आणि नंतर कायमचं राहिलं. मतमाउलीच्या, म्हणजे मारियामातेच्या, यात्रेला हरेगावकडे पायी जाणारी माणसं रस्त्यानं दिसू लागली की बाई त्यांच्यासाठीही थापायला बसत. शेजारी बाळंतीण असली की तिच्यासाठी. कुणाकडे दुखवटा असला की त्यांच्यासाठी. मला उसंत म्हणून नव्हती.

आणि प्रत्येक वेळी सर दारात उभे राहून म्हणायचे, "चाललं का तुझं? लष्कराच्या भाकऱ्या भाजणं?"

मला ते अगदी खरं वाटायचं. नगरला लष्कराचा मोठा तळ आहे, हे मी पडवीत बसलेल्या पोरांच्या तोंडून ऐकलं होतं. त्यांची सहल तिकडे रणगाडे बघायला गेली होती. म्हटलं, बरोबर आहे. एवढ्या भाकऱ्या वस्ती कशी खाईल? टेम्पो त्या नगरला नेत असणार. कितीतरी वर्षं मी छाती काढून तापलो. मी देशाच्या कामाला लागलेला तवा होतो.

मग एक दिवस सर पडवीत शिकवणी घेत होते. कुणीतरी नेमका हाच वाक्प्रचार विचारला. सर म्हणाले, "लिहून घ्या. लष्कराच्या भाकऱ्या भाजणे, म्हणजे नसत्या उठाठेवी करणे. आपला काही संबंध नाही, फायदा नाही, तरी दुसऱ्यासाठी राबत बसणे. लष्कर आज इथं, उद्या पुढच्या मुक्कामाला. कुणी भाजलं, कुणी खाल्लं, कोण लक्षात ठेवतो? आता वाक्यात उपयोग करा. 'स्वतःच्या घराचं छप्पर गळत असताना आसाराम गावभर लष्कराच्या भाकऱ्या भाजत फिरतो.'"

आतून मार्थाबाई म्हणाल्या, "वाक्यात उपयोग झाला आसंल तर हात धुवा. लष्कराची उरलेली एक भाकर तुमच्या ताटात वाढलीया."

पोरं हसली, सरही हसले. मी मात्र गार पडलो. म्हणजे लष्कर नव्हतंच? आणि भाकऱ्या तर होत्या, मी स्वतः भाजल्या होत्या, पापुद्रा सुटून टम्म फुगलेल्या. कुणीतरी त्या खाल्ल्याही असतील. मग खाल्लेल्या भाकरीला फुकट गेलेली का म्हणायचं? सरांना विचारावं असं फार वाटलं. पण सर हसत जेवत होते आणि त्यांनी आणखी अर्धी मागून घेतली.

सर रिटायर झाले. लेक प्रार्थना शिकून पुण्याला नोकरीला लागली. घरात दोघं आणि मी. गॅस आला होता, पण भाकरी चुलीवरचीच, हा बाईंचा हट्ट. सर पडवीत पेपर वाचायचे, बाई थापायच्या आणि दोघांची बारीकसारीक कुरबुर चालायची. मला तो काळ सगळ्यात चांगला गेला.

गेल्या वर्षी, आषाढ नुकता लागला होता, सर अंघोळ करून आले आणि खुर्चीत बसताना एका अंगावर कलंडले. उजवा हात लोंबला, तोंड वाकडं झालं. गाडी आली, घेऊन गेली. तीन आठवड्यांनी परत आणलं तेव्हा ते चाकाच्या खुर्चीत होते. उजवी बाजू गेली होती. आणि त्याहून वाईट म्हणजे वाचा गेली होती.

ऐकू येत होतं, समजतही होतं. पण शब्द म्हणून बाहेर येत नव्हता. "अ... अ..." एवढंच. ज्या माणसानं अख्ख्या तालुक्याच्या पोरांना शब्द दिले, त्याला पाणी मागता येईना, की डाव्या हातानं एक अक्षर लिहून दाखवता येईना. मला ते बघवत नव्हतं. माझ्यासारख्याला कुणी डोळे दिले नाहीत ते बरं, असं लोकांना वाटत असेल. पण दिसतं हो मला.

दवाखान्यातल्या बोलायला शिकवणाऱ्या मॅडमनी बाईंना एक रीत सांगितली होती. त्यांच्या तोंडी बसलेली वाक्यं अर्धी म्हणायची आणि थांबायचं. उरलेलं कधीतरी आपोआप बाहेर पडेल. आता सरांच्या तोंडी काय बसलेलं होतं? वाक्प्रचार. मार्थाबाई सातवी शिकलेल्या. त्यांनी सरांची जुनी वही काढली, चुलीशेजारी पाटावर ठेवली, सरांची खुर्ची पडवीत माझ्यासमोर आणली आणि शाळा सुरू केली.

"नाकी नऊ..." असं म्हणायच्या आणि भाकरी माझ्यावर टाकायच्या.

मग थांबायच्या. भाकरीची एक बाजू भाजेपर्यंत. तेवढा वेळ सरांचा. सर तोंड उघडायचे, मानेच्या शिरा ताठ व्हायच्या, "अ... अ..." भाकरी कडेनं सुटली की बाई ती उलटायच्या आणि स्वतःच सांगायच्या, "येणे. नाकी नऊ येणे." दुसरी भाकरी. "डोळ्यांत तेल..." परत थांबायचं. "घालणे." तिसरी भाकरी. "लष्कराच्या भाकऱ्या..." इथं त्या जरा हसून सरांकडे बघायच्या. सरांच्या डोळ्यांत ओळख यायची, पण ओठांवर काही यायचं नाही. शेवटची भाकरी टाकली की त्या विचारायच्या, "मी कोन? माझं नाव सांगा." आणि ती भाकरीसुद्धा वेळेवर उलटायच्या.

मला तर पार गोंधळल्यासारखं झालं होतं. शिकवणारा शिकत होता, आणि वेळ लावणारं घड्याळ मी होतो. मी सावकाश तापून पाहिलं. खरंच सांगतो, जमेल तेवढी आच गिळली, म्हणजे सरांना थोडा जास्त वेळ मिळेल. पण बाईंचा हात तीस-पस्तीस वर्षांचा. त्या भाकरी कधी करपू देत नसत.

असं रोज. श्रावण गेला, दिवाळी गेली, नाताळ गेला. एक शब्द आला नाही.

शेजारच्या छबूबाई रोज कुंपणापाशी येऊन बघायच्या. एक दिवस त्यांना राहवलं नाही. म्हणाल्या, "मार्थाबाई, वाईट वाटून घिऊ नका. पन ह्ये पालथ्या घड्यावर पानी हाय. किती वतनार?"

मी घरातल्या घड्याकडे बघितलं. तो तर सरळ ठेवलेला होता, पाण्यानं भरलेला.  पीठ मळताना बाईंचा हात मात्र दोनदा थांबला.

नाताळला प्रार्थना आली तेव्हा ती स्पष्टच बोलली. "मम्मी, डॉक्टर म्हणाले होते, पहिल्या सहा महिन्यांत जे येईल ते येईल. सहा महिने झाले. तुला धुरानं खोकला लागलाय, तू वाळून चाललीस. आणि पप्पांकडे बघ. रोज सकाळी ते पाच-सहा वेळा हरतात. कशासाठी?"

बाई म्हणाल्या, "त्यांना तरास हुतो व्हय?"

"होत नसेल का? तूच सांग."

हा प्रश्न बाईंना लागला. त्यांनी राखेत उलथन्यानं दोन रेघा ओढल्या. मग म्हणाल्या, "सप्त्याच्या काल्यापत्तुर दे मला. तवर येक जरी शब्द आला, तर मी मरूस्तवर शिकवीन. न्हाई आला तर चूलबी बंद आन् शाळाबी बंद. तुझ्या मनासारखं."

प्रार्थनानं मान हलवली. सर खुर्चीतून दोघींकडे बघत होते. त्यांना सगळं कळत होतं, हे दोघींच्या लक्षात होतं की नाही, मला सांगता येणार नाही.

सप्ताह फाल्गुनात बसला. त्याआधी आठ दिवस भिमाजी आला. तो टेम्पोवाला, भाकरीची यादी त्याच्याकडे. एके काळी याच पडवीत शिकवणीला बसायचा. सरांच्या पायाशी वाकला आणि बाईंना म्हणाला, "काकू, औंदा तुमचं नाव यादीत धरलं न्हाई. सरांचं आसं, तुमी येकल्या. आमी भागवून घिऊ."

"बरं," बाई म्हणाल्या.

तो चांगल्या मनानंच बोलला. पण तो गेल्यावर बाई सरांकडे वळून म्हणाल्या, "ऐकलं का? मलाबी रिटायर केलं." आणि हसायला लागल्या, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला.

काल्याच्या दिवशी त्यांनी उजाडायच्या आत चूल पेटवली. पंचवीस भाकऱ्या. कुणी मागितल्या नव्हत्या. सरांना उठवून, तोंड धुवून खुर्चीत माझ्यासमोर बसवलं. शाळेचाही तो शेवटचा दिवस होता. त्यांनी वही उघडली नाही, सगळं पाठच होतं. एकेक भाकरी, एकेक अर्धं वाक्य. त्या दिवशी त्या सरांच्या ओठांकडे जितकं बघत होत्या तितकं माझ्याकडे बघत नव्हत्या, तरी एकही भाकरी बिघडली नाही. पंचवीस भाकऱ्या झाल्या. पंचवीस वेळा "अ... अ..." झालं. पाटीत भाकऱ्या रचून त्यांनी वर पांढरं फडकं टाकलं.

मग घरापुरती एक थापली आणि माझ्यावर टाकली. विचारलं, "मी कोन?"

त्याच वेळी भोंगा ऐकू आला. टेम्पो वस्तीत शिरला होता. आमच्या दारापाशी तो हळू झाला नाही. का होईल? यादीत नाव नव्हतं. पुढे चाललेला आवाज बाईंनी ऐकला, पाटी उचलून डोक्यावर घेतली आणि पळाल्या. पंचविशीत पळाल्या होत्या तशाच, फक्त आता दम लागत होता.

"ओ भिमाजी! थांब की रं!"

बाहेर भोंग्यावर भजन चाललं होतं. त्या गोंगाटातून तुटक तुटक ऐकू येत होतं. "काकू, कशापायी तरास घेतला?" "तरास माझा हाय, तू पाटी धर." कुणीतरी हसलं. भजन चालूच होतं.

आणि माझ्यावर ती एक भाकरी होती.

तिची कड सुटली. रोज याच क्षणी बाईंचा हात यायचा. त्या दिवशी आला नाही. खालून ठिपके पडले, ठिपके काळे झाले. धूर निघायला लागला. आमच्या जातीला याच्याइतकी लाजिरवाणी गोष्ट नाही. मी चुलीवरून उडी मारू शकत नव्हतो. सर माझ्याकडे बघत होते. दाराकडे बघितलं. परत माझ्याकडे. त्यांचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आपटायला लागला. मान पुढे आली.

"करपली," सर म्हणाले.

मला वाटलं, लाकूड फुटलं. मला वाटलं, भोंगा असेल. मला वाटलं, जळकं पीठच काहीतरी पुटपुटलं असेल. मी धुरानं भरलो होतो, माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

मग त्यांनी दाराकडे तोंड केलं आणि मोठ्यानं, शाळेत शेवटच्या बाकापर्यंत जायचा तसल्या आवाजात म्हणाले, "मार्था! करपली!"

आता भास म्हणता येणार नाही. क, र, प, ली, सगळी अक्षरं जागेवर. बाईंचं नावही धड. स्वतः सरसुद्धा दचकले. तोंड उघडं ठेवून बसून राहिले, बाहेर पडलेला शब्द कुठं गेला ते शोधत असल्यासारखे.

बाहेर भजनाचा गजर टिपेला पोचला होता. दारात कुणी आलं नाही.

टेम्पो निघून गेला तेव्हा बाई आत आल्या. पाटी रिकामी, चेहरा उजळलेला. जिंकून आल्या होत्या. धूर बघितला आणि म्हणाल्या, "अगं बाई! करपली की!"

तोच शब्द! सर जोरजोरात मान हलवायला लागले. डाव्या हातानं माझ्याकडे बोट केलं, मग स्वतःच्या तोंडाकडे, परत माझ्याकडे. बाईंनी मला खाली उतरवलं, काळी भाकरी राखेत टाकली. "भूक लागली व्हय? थांबा, दुसरी टाकते." सर आणखी जोरात मान हलवू लागले, नाही नाही अशी. तोंड उघडलं. मानेच्या शिरा ताठ झाल्या. मी म्हटलं, म्हणा सर, आत्ता म्हणा. आत्ताच म्हणालात की.

"अ..." सर म्हणाले. "अ... अ..."

आणि रडायला लागले. आठ महिन्यांत पहिल्यांदा, मोठ्यानं.

बाई त्यांच्यापुढे खाली बसल्या, त्यांचा हात धरला. "चुकलं माझं," म्हणाल्या. "पोरगी बरोबर बोलत हुती. मी तुमाला रोज छळलं. बास आता. आता न्हाई इचारनार." त्याही रडत होत्या. सर त्यांच्या हातातला हात हलवत होते, नाही, नाही. बाईंना वाटलं, ते समजूत घालताहेत.

दुपारी प्रार्थना आली. येताना नवा काळा गुळगुळीत नॉनस्टिक तवा घेऊन आली. बाई तिला म्हणाल्या, "एकबी शब्द आला न्हाई." एवढंच. वही फळीवर गेली. चूल विझली.

त्याला आता दीड महिना झाला. भाकरी आत गॅसवर होते. माझ्या कडेला तांबेरा चढलाय. परवा बाई अंगणात होत्या तेव्हा सरांनी खुर्ची ढकलत ढकलत चुलीपर्यंत आणली, वाकले, डाव्या हातानं मला उचललं आणि गार चुलीवर ठेवायला गेले. एका हाताला मी जड झालो. मी निसटलो आणि घणघणत फरशीवर पडलो. बाई धावत आल्या. "लागलं का? पायावर पडला आसता म्हंजी?" आणि मला उचलून इथं भिंतीशी, सरांचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी ठेवलं. मग भूक लागली आहे असं समजून त्यांना गॅसवरची गरम भाकरी तुपाबरोबर भरवली. सरांनी खाल्ली. काय करतील?

आता तुम्हीच सांगा, हे सगळं काय होतं? बाईंची आठ महिन्यांची शाळा फुकट गेली, असं छबूबाई म्हणतात, प्रार्थना म्हणते, आता बाईही म्हणतात. तसं असेल तर ते दोन शब्द कुठून आले? आणि शाळेमुळे आले म्हणावं तर त्या अडीचशे दिवसांत का आले नाहीत? धुरामुळे आले का? भाकरी वेळेवर उलटली नाही, सरांना थोडा जास्त वेळ मिळाला, म्हणून का? की बाई पळत दूर गेल्या म्हणून? मी रात्रंदिवस हेच उगाळतो आणि डोक्यात काही बसत नाही. मॅडमला विचारलं असतं तर कळलं असतं, पण मॅडमकडे जाणं आता बंद झालंय. सर रोज समोर बसून माझ्याकडे बघतात. मी त्यांच्याकडे बघतो. आम्हा दोघांनाच माहीत आहे.

तुम्ही या रस्त्यानं जाणारे. जाण्याआधी बाईंना एवढं सांगा, की त्यांचं नाव या घरात घेतलं गेलं. भोंग्याच्या आवाजात, पण घेतलं गेलं.

आणि नाहीच सांगितलंत, तर मीच म्हणतो, त्यांच्या कानांवर जाईल तेव्हा जाईल. मार्थाबाई, एकदा चूल पेटवा. माझा तांबेरा घासायचा कंटाळा आला तरी चालेल, तसाच ठेवा. माझ्यावर एकच भाकरी टाका आणि तिला हात लावू नका. ती काळी होईल, मला लाज वाटेल, पडवीभर धूर होईल, तुम्हाला खोकला येईल. येऊ द्या. रस्त्यावरून कोण जातंय ते बघायला उठू नका. सरांजवळ बसून राहा.